कझाख दोंबरा शिकायचा असेल तर

पाच वर्षांपूर्वी एका रात्री दोन तारांच्या एका वाद्याचं ध्वनिमुद्रण कानावर पडलं. जेमतेम अडीच मिनिटांचं. माळावरून घोड्यांचा कळप उधळत जावा तसा आवाज, आणि तो कळप कुठे वळतो, कुठे थबकतो, तेसुद्धा ऐकू यावं. मी तेव्हा सतार शिकत होते. दोन तारांतून एवढं सगळं कसं निघतं, हे कळेपर्यंत मला चैन पडेना. त्या रचनेचं नाव 'सारिआर्का', रचणारा १९व्या शतकातला कुरमानगाझी, वाद्य कझाख दोंबरा, एवढं समजायलाच महिना गेला, कारण शोधायचं कुठल्या नावानं हेच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर चुकीचं वाद्य घेतलं, चुकीच्या पद्धतीनं हात बसवला, तो मोडून पुन्हा बसवला, आणि शेवटी कझाखस्तानातल्या अल्माटी शहरात जाऊन समोर बसून शिकले. तुर्किक लोकांचं पारंपरिक संगीत शिकावं असं तुमच्या मनात असेल, तर त्यातली निदान पहिली दोन वर्षं तुमची वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी एक घर निवडा

तुर्किक भाषा बोलणारे लोक इस्तंबूलपासून सैबेरियातल्या याकुतियापर्यंत पसरले आहेत. भाषा एका कुळातल्या, पण संगीत प्रत्येकाचं आपापलं. 'तुर्किक संगीत शिकते' म्हणणं हे 'भारतीय जेवण शिकते' म्हणण्याइतकं मोघम आहे. ढोबळ ओळख अशी करून घ्या.

तुर्कस्तानात बागलामा ऊर्फ साझ हे लांब दांडीचं वाद्य आणि ते घेऊन गाणारे आशिक, म्हणजे त्यांचे शाहीर. आशिक वेसेल (१८९४–१९७३) आणि नेशेत एर्ताश (१९३८–२०१२) यांच्यापासून ऐकायला लागा. बागलामाचे पडदे, म्हणजे सुरांच्या जागी दांडीवर आडवे बसवलेले बंध, बांधलेले असतात आणि त्यांत आपल्या कोमल-शुद्धाच्या मधले सूरही मिळतात. लयी ५, ७, ९ अशा विषम, त्यातही ९ ची फोड २+२+२+३. शिकायचं साहित्य या घरात सगळ्यांत जास्त मिळेल.

उझबेकांचा शशमकाम आणि अझरबैजानचा मुगाम ही शहरांची, दरबारांची परंपरा. शशमकाम म्हणजे सहा मकाम, आपल्या रागांसारख्या सुरांच्या चौकटी : बुझ्रुक, रोस्त, नवो, दुगोह, सेगोह, इरोक. ही परंपरा उझबेक आणि ताजिक दोघांची आहे, आणि काव्य फारसीही असतं. रागसंगीतातून येणाऱ्याला हे घर लवकर ओळखीचं वाटतं.

गवताळ माळांवरच्या भटक्या लोकांचं संगीत वेगळं. किरगीझांचा कोमुझ तीन तारांचा, जर्दाळूच्या लाकडाचा, पडदे नसलेला. कझाखांचा दोंबरा दोन तारांचा, पडद्यांचा. रशियातल्या तुवामध्ये खूमेई, म्हणजे एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन सूर. साखा, म्हणजे याकुतियातल्या लोकांचा खोमुस हा आपल्या मोरचंगाचा भाऊबंद. इथे दरबार नाही. इथे वाद्य गोष्ट सांगतं.

यांतलं एकच घ्या. मी सुरुवातीला बागलामा, दोंबरा आणि खूमेई तिन्ही सुरू केलं आणि वर्षभरात एकाचाही हात बसला नाही. खूमेई तर गुरूशिवाय करूच नका, घसा दुखावून बसाल. पुढचं सगळं दोंबऱ्याबद्दल आहे, पण ऐकणं, गुरू आणि भाषा यांबद्दलचे मुद्दे इतर घरांनाही लागू पडतील.

एक सापळा इथेच सांगते. जुन्या रशियन पुस्तकांत 'किरगीझ' असं लिहिलेलं असेल, तर ते बहुतेक वेळा कझाखांबद्दल असतं. अलेक्सांद्र झातायेविच यांनी हजार कझाख गाणी स्वरलिपीत उतरवून १९२५ मध्ये ओरेनबुर्गहून छापली, त्या संग्रहाच्या नावातही लोकांचं नाव 'किरगीझ' असंच आहे. आजचे किरगीझ तेव्हा 'कारा-किरगीझ' म्हणून ओळखले जात. हे माहीत नसल्यानं मी कितीतरी दिवस कझाख गाणी किरगीझ म्हणून टिपून ठेवत होते.

२. वाद्य घेण्याआधी दोन महिने ऐका

दोंबऱ्यावर जे वाजवतात त्याला क्युई म्हणतात. शब्दांविना, फक्त वाद्याची रचना, साधारण दोन ते चार मिनिटांची. या शब्दाचा दुसरा अर्थ अवस्था, मनाची स्थिती. कझाख माणूस ख्यालीखुशाली विचारताना 'हाल-क्युईं कालाय' म्हणतो. त्यातला 'हाल' म्हणजे आपल्या हालहवालातलाच हाल. शिकताना हे मनाशी धरून ठेवा : प्रत्येक क्युई कुणाच्या तरी कुठल्या तरी हालाची आहे.

दोन मोठ्या शैली आहेत. पश्चिमेची तोकपे आणि मध्य-पूर्वेची शेर्तपे. तोकपे म्हणजे ओतणं : मनगट सैल सोडून दोन्ही तारांवर सतत झपाटे. कुरमानगाझी, दाऊलेतकेरेय आणि दिना नुर्पेईसोवा यांची ही शैली. शेर्तपेमध्ये तारा बोटांनी एकेक छेडतात, चाल संथ, विचार करत पुढे जाणारी. तिचा मोठा रचनाकार तात्तिम्बेत (१८१५–१८६२). 'शेर्तू' म्हणजे छेडणं, आणि कझाखमध्ये मनातलं गुपित कुणापाशी उघड करण्यालाही 'सिर शेर्तू' म्हणतात. तात्तिम्बेतची 'सारीजायलाऊ' ऐकलीत की हा शब्द तिथे का आला ते लगेच कळेल.

ऐकायचं कसं? एकच क्युई घ्या आणि ती तीन वेगवेगळ्या वादकांकडून ऐका. दिना नुर्पेईसोवाची ध्वनिमुद्रणं मिळतात, ती सोडू नका. ही बाई १८६१ ची, गेली १९५५ मध्ये, आणि ती कुरमानगाझीकडे स्वतः शिकलेली. फीत खरखरते, पण हाताची ताकद त्यातूनही कळते. तिची 'बुलबुल' ऐका. नावाचा अर्थ सांगायला नको.

तोकपेची क्युई ऐकताना एक नकाशा डोळ्यांपुढे ठेवा. दांडीच्या टोकाकडचा, खालच्या सुरांचा भाग तो 'बास बुइन'. बास म्हणजे डोकं. मधला तो 'ओर्ता बुइन'. खाली भोपळ्याजवळचा, सगळ्यांत उंच सुरांचा भाग ती 'सागा', म्हणजे नदीचं मुख. क्युई डोक्यापासून निघते, परत येते, पुन्हा थोडी पुढे जाते, शेवटी सागेला पोचते आणि घरी परतते. हे एकदा ऐकू यायला लागलं की अडीच मिनिटांत हरवायला होत नाही.

आणि प्रत्येक क्युईची गोष्ट शोधा. गोष्टीशिवाय क्युई शिकलीत तर बोटं शिकतील, तुम्ही शिकणार नाही. माझ्या शिक्षिकेनं 'आक्साक कुलान' शिकवायला घेतली तेव्हा पहिला सबंध तास वाद्याला हात लावू दिला नाही. गोष्ट अशी : चंगीझखानाचा मुलगा जोची याचा पोरगा कुलानांच्या, म्हणजे रानगाढवांच्या शिकारीला गेला आणि एका लंगड्या कुलानाच्या पायी मेला. वाईट बातमी आणणाऱ्याच्या घशात वितळलेलं शिसं ओतीन, असं खानानं आधीच बजावलेलं. सांगणार कोण? केतबुगा नावाचा वादक दोंबरा घेऊन खानापुढे बसला आणि एक शब्दही न बोलता वाजवत गेला. कळपाचे खूर, पोराची दौड, मध्येच लंगडी चाल, मग हंबरडा. खान समजला. पण बातमी माणसानं सांगितलीच नव्हती, दोंबऱ्यानं सांगितली होती. मग शिसं दोंबऱ्याच्या छातीत ओतलं गेलं, आणि तेव्हापासून त्याच्या तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला, भोक आहे.

एवढं सांगून बाईंनी माझं बोट त्यांच्या दोंबऱ्याच्या त्या भोकाच्या कडेवरून फिरवलं. कड गुळगुळीत झाली होती, कितीतरी वर्षं कुणाची तरी बोटं फिरल्यासारखी. मग म्हणाल्या, "आता लंगडी चाल वाजव." डावा-उजवा आघात मोजायची मला गरज पडली नाही.

३. वाद्य : शोभेचं घेऊ नका

माझा पहिला दोंबरा ओळखीच्या एकांनी येताना आणला, पर्यटकांच्या ठिकाणच्या दुकानातून. तबलीवर सोनेरी नक्षी, चकचकीत रंग. घोडी, म्हणजे तारांखालची उभी पट्टी, तबलीला चिकटवलेली, तीही भलत्याच जागी. एकही पडदा सुरात लागेना. चार महिने मला वाटत राहिलं की माझाच कान बिघडला आहे. भिंतीवर टांगायचा दोंबरा आणि वाजवायचा दोंबरा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुकानदार तुम्हाला तसं सांगेलच असं नाही.

घेण्याआधी विक्रेत्याकडून व्हिडिओ मागवा आणि हे तपासा :

- घोडी सुटी हवी, सतारीसारखी, पुढे-मागे सरकवता येणारी.
- दांडी डोळ्याच्या रेषेत धरून पाहिली तर सरळ दिसायला हवी.
- खुली तार छेडून, मग तीच तार सप्तकाच्या पडद्यावर दाबून वाजवायला सांगा. बरोबर वरचा सा आला नाही तर घेऊ नका.
- तबलीवर जाड रंग किंवा नक्षी नको. आवाज तिथेच मरतो.
- खुंट्या फिरवून दाखवायला सांगा. फिरल्या पाहिजेत आणि जागेवर थांबल्याही पाहिजेत.

मैफिलीतल्या पश्चिम कझाखस्तानी घडणीच्या दोंबऱ्याला हल्ली १९ पडदे असतात, भोपळा थेंबाच्या आकाराचा, दांडी लांब आणि बारीक. शेर्तपेचा दोंबरा दांडीला आखूड, रुंद, पाठीला चपटा आणि कमी पडद्यांचा. पहिलं वाद्य १९ पडद्यांचं घ्या, त्यावर दोन्ही शैलींची सुरुवात होते.

तारा पूर्वी मेंढीच्या किंवा बकरीच्या आतड्याच्या असत, आपल्याकडे ज्याला तात म्हणतात तशा. तारेला कझाखमध्ये 'इशेक' म्हणतात, त्याचा मूळ अर्थच आतडं. आता मात्र गळाला लावायची नायलॉनची दोरी वापरतात. कोकणातल्या वाचकांना सांगायचं तर चक्क तंगूस. त्यामुळे तार तुटली म्हणून अडून राहू नका. मूळ तारेचा तुकडा घेऊन मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जा, जाडी जुळवा आणि त्याच जाडीची दोरी घ्या. गिटारच्या धातूच्या तारा चुकूनही चढवू नका. त्यांचा ताण या वाद्याला सोसत नाही आणि पडदे कापले जातात.

आपल्या हवेबद्दल एक इशारा. माळावरचं लाकूड कोरड्या हवेला सरावलेलं असतं. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या खुंट्या फुगून अडकल्या आणि तबलीची कड एका जागी सुटली. जून लागायच्या आत वाद्य बंद पेटीत ठेवा, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका आणि त्या दर पंधरवड्याला बदला. वाजवून झालं की तारा अर्धा फेरा सैल सोडा. तबली सुटलीच तर सतारी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या, सुताराकडे नको. मिरजेला जाणं जमत असेल तर उत्तम. तिथे लाकूड, डिंक आणि ताण या तिन्ही गोष्टी कळणारे हात आहेत.

४. गुरू

कझाख परंपरेत गुरू 'उस्ताझ' आणि शिष्य 'शाकिर्त'. आपले उस्ताद आणि शागीर्द, तेच शब्द. बोलताना शिक्षकाला 'अगाय' आणि शिक्षिकेला 'आपाय' म्हणतात. नुसत्या नावानं हाक मारणं उद्धटपणाचं.

इंटरनेटवरून शिकायला वेळेची अडचण अजिबात नाही. मार्च २०२४ पासून सगळ्या कझाखस्तानचं घड्याळ एकच आहे आणि ते आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. आपले संध्याकाळचे सात म्हणजे अल्माटीचे साडेसहा. अल्माटीच्या कुरमानगाझी संगीतविद्यालयात (स्थापना १९४४) शिकणारी तरुण मंडळी अनेकदा शिकवण्या घेतात. पहिल्या वर्षासाठी अशी व्यक्ती मोठ्या नामवंतापेक्षा बरी, कारण ती तुमच्या बोटांकडे पाहत बसायला तयार असते.

पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा : तुम्ही कुणाकडे शिकलात, तुमची शैली कुठल्या भागाची, आणि तुम्ही ऐकवून शिकवता की लिहून. तिसऱ्याचं उत्तर 'फक्त लिहून' असेल तर दुसरं कुणी शोधा. युरोपीय पद्धतीच्या स्वरलिपीत सूर येतो, पण उजव्या हाताचा आघात, ज्याला 'कागिस' म्हणतात, तो धड येत नाही. आणि दोंबऱ्याचा अर्धा जीव कागिसात आहे.

हिंदी सिनेमाची गाणी दोंबऱ्यावर बसवून देतो, असं सांगणारेही भेटतील. तिकडे राज कपूरची गाणी घरोघर माहीत आहेत, आणि भारतातून आलो म्हटलं की वयस्क माणसं प्रेमानं दोन ओळी म्हणून दाखवतात. तो जिव्हाळा खरा आहे, मला तो फार आवडतो. पण शिकवणीच्या तासाला क्युईच शिका.

तास ध्वनिमुद्रित करायचा असेल तर आधी विचारा. होकार मिळाला तरी ते मुद्रण स्वतःपुरतं ठेवा.

५. हात

बसताना भोपळा उजव्या मांडीवर, दांडी डावीकडे तिरकी वर. नखी नाही. सतारवाल्यांना इथे पहिला धक्का बसतो. उजव्या हाताची तर्जनी खाली जाताना नखाच्या पाठीनं तारांवर पडते आणि वर येताना अंगठा मदतीला येतो. मूठ अर्धी मिटलेली, मनगट सैल. पहिले तीन आठवडे डाव्या हाताला कामच देऊ नका. दोन्ही खुल्या तारांवर फक्त खाली-वर, खाली-वर. रोज वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. कोपर हलायला लागलं की थांबा, हात झटका आणि पुन्हा सुरू करा. वेग कोपरातून काढायची सवय लागली की ती मोडायला वर्ष जातं. माझं गेलं.

दुसरा धक्का डाव्या अंगठ्याचा. सतारीत तो दांडीच्या मागे आधाराला राहतो. दोंबऱ्यात तो दांडीवरून पुढे येऊन वरची तार दाबतो, आणि त्याच वेळी बाकीची बोटं खालच्या तारेवर चालतात. पहिल्यांदा अशक्य वाटतं. हाताच्या तळव्यात दांडी घट्ट आवळलीत तर अंगठा दुखणारच, तेव्हा दांडीखाली लिंबू मावेल एवढी पोकळी ठेवा. साधारण महिन्यात तो सरावतो. कळ मनगटापर्यंत यायला लागली तर दोन दिवस विश्रांती घ्या, रेटू नका.

तारा जुळवायच्या दोन मुख्य रीती आहेत. एका रीतीत खालची तार वरच्या तारेचा म, दुसऱ्या रीतीत प. सुरुवातीच्या बहुतेक रचना सा-म मध्ये आहेत. खुंटीला कझाखमध्ये 'कुलाक' म्हणजे कान म्हणतात. वाद्याचा कान पिळायचा, मगच ते बोलतं.

६. आपला कान कुठे साथ देतो, कुठे आड येतो

रागसंगीत शिकलेल्या माणसाजवळ मोठी शिदोरी असते : ऐकून उचलायची सवय, लांब रचना लक्षात ठेवायची सवय, सुराची पारख. ती सगळी कामाला येते. आड येतात त्या तीन गोष्टी, आणि त्यांवर मला सगळ्यांत जास्त झगडावं लागलं.

पहिली, ताल. मी 'केलिन्शेक' ही नवशिक्यांची लहानशी क्युई बसवताना तबल्याचं ॲप लावलं आणि तीनतालात बसवू लागले. चौथ्याच ओळीला सम हुकली. पुन्हा केलं, पुन्हा हुकली. चूक माझी नव्हती आणि क्युईचीही नव्हती. क्युईत आवर्तनच नसतं. दोन मात्रांच्या वाक्यामागे तीन मात्रांचं येतं, मध्ये एखादा दीड मात्रेचा उंबरठा असतो, आणि बोलता बोलता श्वास घ्यावा तशी लय वाकते. ॲप बंद करा. घोड्याच्या चालीसारखी आतली गती धरा आणि वाक्यं मोजायच्या ऐवजी म्हणून पाहा. मी आधी पुटपुटते, मग वाजवते.

दुसरी, षड्ज. आपल्याला तंबोऱ्याचा अखंड सा लागतो, आपण तो नकळत शोधत राहतो. दोंबऱ्यात दोन्ही तारा सदैव एकदम वाजतात आणि खर्ज धरायचं काम कधी ही तार करते, कधी ती. म्हणजे एकाच वेळी दोन आवाजांची हालचाल ऐकायची. सुरुवातीला एकदा फक्त वरच्या तारेकडे कान लावून सबंध क्युई ऐका, मग फक्त खालच्या तारेकडे, आणि मग दोन्ही. आठवडाभरात कान उघडतो.

तिसरी, भर घालायची सवय. एखादी जागा आवडली की आपला हात तिथे रेंगाळतो, मींड काढतो, एखादी तान घेतो. मी दिनाच्या एका रचनेत तसं केलं, तेव्हा आपाय म्हणाल्या, "छान आहे, पण हे तू बोलते आहेस. आधी तिला बोलू दे." क्युई रचलेली असते. वादकागणिक ती थोडी बदलते, पण तो बदल पिढ्यांमधून गाळून आलेला असतो. निदान तीन वर्षं भर घालू नका.

ज्यांना शब्दांची ओढ आहे त्यांनी 'आयतिस' जरूर ऐकावं. दोन आकिन, म्हणजे आशुकवी, समोरासमोर बसून दोंबऱ्यावर जागच्या जागी कवनं रचतात आणि एकमेकांना सवाल-जवाब करतात. कलगी-तुऱ्याचा फड पाहिलेल्या मराठी माणसाला भाषा न कळताही कोण वरचढ झालं ते कळतं. कझाख आणि किरगीझ यांच्या या कलेला २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. दोंबऱ्याच्या क्युईला त्याआधी वर्षभर, २०१४ मध्ये.

७. लिपी शिका, भाषा थोडी तरी

कझाख भाषा सध्या ४२ अक्षरांच्या सिरिलिक लिपीत लिहितात : ३३ रशियन अक्षरं आणि ९ खास कझाख. लिपी दोन आठवड्यांत येते, आणि हे दोन आठवडे द्याच. रोमन अक्षरांत शोधलंत तर एका क्युईच्या नावाची चार स्पेलिंगं भेटतात आणि निम्म्याहून जास्त जुनी ध्वनिमुद्रणं सापडतच नाहीत. फोनवर कझाख कीबोर्ड घ्या, नुसता रशियन नको, नाहीतर ती नऊ अक्षरं टंकता येणार नाहीत. २०१७ मध्ये लॅटिन लिपीकडे वळायचा सरकारी निर्णय झालेला असल्यानं काही मजकूर त्या लिपीतही दिसेल.

तासाला लागणारे शब्द एवढे पुरतील : शानाक म्हणजे भोपळा, मोयिन म्हणजे दांडी (मूळ अर्थ मान), तियेक म्हणजे घोडी, पेर्ने म्हणजे पडदा, बुराऊ म्हणजे पिळणं, जुळवणं. तुर्कस्तानात पडद्याला 'पेर्दे' म्हणतात. तो तर आपलाच शब्द आहे.

८. अल्माटीला जाणं

वर्षभर शिकून झाल्यावर दोन आठवड्यांसाठी तरी जा. भारतीय पासपोर्टवर सलग १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. मात्र १८० दिवसांत असे एकूण ४२ च दिवस मिळतात. ही सोय जुलै २०२२ पासून आहे, पण तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या कझाख दूतावासाच्या संकेतस्थळावर सध्याचा नियम पाहून घ्या. हॉटेलात उतरलात तर तुमच्या मुक्कामाची नोंद हॉटेल करतं. कुणाच्या घरी उतरलात तर स्थलांतर विभागाला कळवायचं काम यजमानाचं असतं. त्यांना आधीच आठवण करा, लाजू नका.

केव्हा जायचं? जुलैतला पहिला रविवार हा २०१८ पासून राष्ट्रीय दोंबरा दिवस आहे. त्या दिवशी चौकाचौकांत वाजवणारे दिसतात, पाहण्यासारखं असतं. पण शिकायचं असेल तर उन्हाळा टाळा. शाळा-विद्यालयं बंद असतात, शिक्षक गावी गेलेले असतात. १ सप्टेंबरला वर्ष सुरू होतं, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा एप्रिल-मे गाठा.

सोबत ठेवायचं :

- पासपोर्ट, परतीचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता सिरिलिकमध्ये लिहिलेला
- प्रवास-विमा
- वाद्य खरेदी केल्यास त्याची पावती, विमानतळावर दाखवायला
- ध्वनिमुद्रणासाठी छोटं यंत्र आणि जादा बॅटरी
- शिक्षकांसाठी काहीतरी घरचं. मी चहा नेला होता. तिकडे तो दूध घालून पितात आणि चांगल्या चहाची कदर आहे.

जुनं, पुरातन दिसणारं वाद्य विकत घेऊ नका. सांस्कृतिक वारसा ठरला तर ते देशाबाहेर नेता येत नाही. येताना तारा पूर्ण सैल करा, घोडी काढून कापडात गुंडाळा, आणि पेटी टणक पाठीची घ्या.

सत्रभर किंवा त्याहून जास्त शिकायचं असेल तर मार्ग लांबचा आहे. आधी संस्थेचं निमंत्रण, मग त्यावर विद्यार्थी व्हिसा. शैक्षणिक प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण, लागतं. त्यासाठी आधी राज्य शासनाकडून पडताळणी, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि शेवटी रशियन किंवा कझाखमध्ये प्रमाणित भाषांतर. या क्रमात उलटापालट झाली की सगळं पहिल्यापासून. माझं भाषांतर आधी झालं आणि शिक्का नंतर बसला, म्हणून शिक्क्याचं भाषांतर वेगळं करून घ्यावं लागलं आणि तीन आठवडे गेले. जन्मदाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जुळतं का तेही आजच बघा. वडिलांचं नाव मध्ये लिहायची आपली रीत तिकडे घोटाळा करते.

अल्माटीत पहिल्याच दिवशी पानफिलोव बागेजवळच्या लाकडी इमारतीतल्या वाद्यसंग्रहालयात जा. कोबिझ या गजानं वाजवायच्या वाद्याचे थोर वादक इखलास यांचं नाव त्याला दिलं आहे. तिथे तातीच्या तारांचे, बांधलेल्या पडद्यांचे जुने दोंबरे आहेत. १९३०च्या दशकात अखमेत जुबानोव यांनी वाद्यवृंद उभा केला, तेव्हा एकत्र वाजवता यावं म्हणून पडदे युरोपीय बारा सुरांना जुळवले गेले. त्याआधीचे पडदे कुठे होते ते या जुन्या दांड्यांवर डोळ्यांनी दिसतं. आपल्या दोंबऱ्याच्या दांडीचा फोटो फोनमध्ये घेऊन जा आणि काचेपुढे उभं राहून एकेक पडदा ताडून पाहा. काही दोन पडद्यांच्या मधोमध पडतात. ते सूर तुमच्या आजच्या वाद्यावर नाहीत, पण दिनाच्या खरखरत्या फितीत आहेत. त्याच संध्याकाळी खोलीवर येऊन ती फीत पुन्हा लावा.